चिनी विद्यार्थी, इंग्रजीचे दार आणि आपण

विद्यालयाच्या वाटचालीचा गौरव करणारे लेख या स्मरणिकेत इतरत्र आहेतच. आम्हांला मात्र या निमित्ताने एका परक्या देशातील विद्यार्थ्यांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. वाचकांना हे प्रथम विचित्र वाटेल. परंतु लेख पुरता वाचल्यावर हा विषय आपल्याच अंगणातला आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल, अशी आमची खात्री आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतो. तेथे त्याच्या शेजारच्या खोलीत चीनच्या कान्सू प्रांतातील खेड्यातून आलेला एक विद्यार्थी राहतो. तो गणितात अत्यंत तल्लख आहे. पण परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी लागणारी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा त्याला तीन वेळा द्यावी लागली. दोन वेळा संभाषण आणि लेखन या भागांत अर्ध्या गुणाने तो अडला. “सर, तो आपल्या चुका सांगत होता आणि मला आपला आठवीचा वर्ग दिसत होता,” असे आमचा विद्यार्थी म्हणाला. त्या एका वाक्याने हा लेख लिहावयास भाग पाडले.

चीनमध्ये इंग्रजीला वजन आले ते तोफांच्या जोरावर. १८५८ च्या तिआनजिन तहात ब्रिटिशांनी एक कलम घातले होते. तहाच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यास इंग्रजी मसुदाच प्रमाण धरला जाईल, असा त्याचा आशय. ज्याला भाषा येत नाही, त्याला स्वतः सही केलेल्या कागदाचा अर्थही समोरच्याकडूनच विचारून घ्यावा लागतो. आपल्या आज्यापणज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवताना हेच सोसले. चीनच्या दरबाराला हा धडा महागात पडला आणि १८६२ मध्ये बीजिंगला परकीय भाषा शिकवणारी सरकारी शाळा निघाली. इंग्रजी शिकणे तेथे हौसेतून सुरू झाले नाही. पुन्हा फसवले जाऊ नये, ही त्यामागची निकड होती.

त्यानंतरचा इतिहास दीर्घ आहे. आपल्या विषयापुरते एवढे सांगणे पुरे, की सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९८१ मध्ये अमेरिकेची टोफेल परीक्षा चीनमध्ये आली. १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज इंग्लिश टेस्ट ही देशव्यापी परीक्षा सुरू झाली आणि पुढे अनेक विद्यापीठांनी पदवीच तिच्याशी जोडली. च्यांगसू प्रांतातील एका खेड्यातला यू मिनहोंग नावाचा मुलगा विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्या खेपेस १९८० मध्ये बीजिंग विद्यापीठात पोहोचला, आणि १९९३ मध्ये त्यानेच ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणी संस्था काढली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या चिनी तरुणांची एक पिढीच्या पिढी या संस्थेच्या वर्गांतून गेली.

परीक्षेला आयुष्य वाहण्याची सवय मात्र त्या समाजाला फार जुनी आहे. राजसेवेसाठीची लेखी परीक्षा तेथे सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. कुळापेक्षा विद्या श्रेष्ठ, असे तत्त्व तिच्यामागे होते आणि शेतकऱ्याच्या मुलालाही ती देता येई. म्हणून आपल्याला तिचे कौतुक वाटते. पण त्या दारातूनही सर्वांना प्रवेश नव्हता. स्त्रियांना ती बंद होती. नट, वेश्या, कचेरीतील हलके चाकर, होडीवर राहणारे काही समूह अशा ‘हीन’ ठरवलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलांना परीक्षेस बसण्याची बंदी होती. युंगचंग सम्राटाने १७२३ पासून यांतील अनेकांचा हीन दर्जा रद्द केला. तरी त्यांच्या वंशजांना परीक्षेस बसण्यासाठी आणखी काही पिढ्या वाट पाहावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या इतिहासाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परीक्षा कितीही निःपक्षपाती असो, दाराशी कोणाला पोहोचू दिले जाते, हा प्रश्न आपण नेहमी विचारला पाहिजे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. आयईएलटीएसचे चार भाग असतात. श्रवणाच्या भागातील ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. वाचनासाठी एक तास, लेखनासाठी एक तास; लेखनात किमान १५० आणि २५० शब्दांचे दोन मजकूर लिहावयाचे असतात. शेवटी परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटांचे संभाषण. गुण ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने दिले जातात. या परीक्षेची जी आकडेवारी प्रसिद्ध होते, तीत चीनच्या परीक्षार्थींचे वाचनाचे सरासरी गुण लेखन आणि संभाषणापेक्षा वरचे दिसतात. चिनी लोकांनीच या दुखण्याला नाव दिले आहे : ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी. डोळ्यांना कळते, हाताला थोडे येते, जिभेवर मात्र येत नाही.

असे का होते? मुले मंद असतात म्हणून नव्हे. त्यांची मायबोली त्यांना ज्या वळणाने बोलावयास शिकवते, त्याच्या उलट वळण इंग्रजी मागते. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ अशा शब्दांवरून आणि छोट्या अव्ययांवरून अर्थ कळतो. म्हणून चिनी विद्यार्थी ‘येस्टरडे आय गो’ असे सहज बोलून जातो. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी बोलण्यात ‘था’ हा एकच उच्चार आहे; म्हणून बहिणीविषयी बोलताना त्याच्या तोंडून ‘ही’ निघते. मँडरिनमध्ये शब्दावयवाच्या शेवटी ‘न’, ‘ङ’ आणि ‘र’सारखा ध्वनी एवढीच व्यंजने येतात, म्हणून इंग्रजी शब्दांची शेवटची व्यंजने एक तर गळून पडतात, नाही तर त्यांना नवा स्वर चिकटतो. ‘थँक यू’ हे शब्द चिनी अक्षरांत गमतीने लिहितात, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ ‘तीन ग्रॅम तेल’ असा होतो. मुलांनी इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहून पाठ केले की आपण रागावतो. पण हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात कँटनच्या दुकानदारांनी चिनी अक्षरांत केली होती. आपली लिपी तर त्या कामी कितीतरी अधिक सोयीची आहे.

वरच्या चुकांपैकी काही आपल्या मुलांच्या नाहीत. मराठी क्रियापद काळही दाखवते आणि लिंगही. पण पुढच्या चुका पाहा. चिनी भाषेत ‘जरी’ आले की ‘तरी’ यावेच लागते. म्हणून तो विद्यार्थी ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून पुढे ‘बट’ घालतो. आपली मुलेही अगदी हेच करतात, कारण मराठीतही ‘जरी’ला ‘तरी’ हवा असतो. चिनी माणूस ‘मी काल वाचलेले पुस्तक’ अशा क्रमाने बोलतो, आपणही तसेच बोलतो. इंग्रजीत पुस्तक आधी येते आणि ते कोणी, केव्हा वाचले हे मागून येते. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे चिनीत नाहीत, मराठीतही नाहीत. मोठी संख्या ऐकली की चिनी विद्यार्थी गडबडतो, कारण तो ‘वान’ने, म्हणजे दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतो, आपला विद्यार्थी लाख-कोटींनी मोजतो आणि ‘मिलियन’ कानावर पडताच तोही गडबडतो. आमच्या माजी विद्यार्थ्याला आठवीचा वर्ग दिसला तो यामुळे.

आमचा पहिला मुद्दा असा की या चुकांना अडाणीपणाचे लक्षण समजणे हाच अडाणीपणा आहे. त्या चुका म्हणजे एका भाषेचे व्याकरण दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळल्याची खूण होय. आपली भाषा आपल्याला कोठे ओढते, हे ज्याला कळले, त्याची निम्मी तयारी झाली. चांगले चिनी शिक्षक विद्यार्थ्याला चुकांची वही ठेवावयास लावतात. प्रत्येक चुकीपुढे ती का झाली हे लिहावयाचे. आमच्या मते शंभर सराव-प्रश्नपत्रिकांपेक्षा अशी एक वही अधिक मोलाची आहे.

दुसरा मुद्दा पाठांतराचा. चीनमधील शिकवणी वर्गांत ‘जीजिंग’ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आठवतील तेवढे प्रश्न सांगतात, त्यांचे संकलन होते आणि पुढचे विद्यार्थी त्यांची उत्तरे घोकतात. संभाषणाचा प्रश्नसंच दर चार महिन्यांनी बदलतो, असा हिशेब करून जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांभोवती तेथे लगबग चालते. लेखनासाठी तयार साचे मिळतात. रिकाम्या जागी विषय भरला की निबंध तयार. मिंग काळापासून राजपरीक्षेत जो ठराविक आठ भागांचा निबंध लिहावा लागे, त्याचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

योगायोग असा की ‘जीजिंग’मधील ‘जिंग’ हे अक्षर चिनी भाषेत बौद्ध सूत्रांच्या नावांतही येते. वज्रच्छेदिका सूत्राचे चिनी नाव याच अक्षराने संपते. आम्ही पाठांतराला तुच्छ लेखत नाही. तथागतांची वाणी शतकानुशतके भाणक भिक्खूंनी मुखोद्गत ठेवली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. पण मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तथागतांनीच इशारा दिलेला आहे. जो अर्थ न पारखता केवळ वादात जिंकण्यासाठी वचने पाठ करतो, तो साप शेपटीकडून धरणाऱ्या माणसासारखा आहे. साप उलटून त्यालाच डसतो. परीक्षेतही हेच घडते. पाठ केलेले उत्तर ओळखण्यास परीक्षक सरावलेले असतात. संभाषणात ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार बाबी पाहिल्या जातात, आणि उच्चारात मुख्यतः बोलणे समजते की नाही हे पाहिले जाते. इंग्रजासारखा सूर कोणी मागत नाही. पाठ केलेले दोन परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थी “असे तुम्हांला का वाटते?” या साध्या प्रश्नापुढे गप्प होतो. कान्सूचा तो विद्यार्थी दोनदा अडला तो याच जागी.

तिसऱ्या खेपेस त्याने काय केले? साचे बाजूला ठेवले. रोज संध्याकाळी तो विद्यापीठातील ‘इंग्रजी कोपऱ्या’त जाऊ लागला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चीनमध्ये ही प्रथा रुजली. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये, बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठाच्या आवारात लोक ठरलेल्या वेळी जमतात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांशी बोलतात. शिक्षक नाही, शुल्क नाही, हसणारा कोणी नाही. तेथे सर्वच चुकणारे असतात.

या जागी आम्हांला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्याने त्यांचा तास आम्ही घेतला होता. एका मुलाला उतारा वाचावयास सांगितला. त्याने ‘श’च्या जागी ‘स’ म्हटले. वर्ग हसला आणि आम्हीही हसलो. तो मुलगा त्यानंतर वर्षभर कोणत्याही तासाला आपणहून उठला नाही. ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ यांवरून आपल्या माणसांना कोणी आणि कशासाठी हिणवले, हे आम्ही इतिहासाच्या तासाला मुलांना शिकवत होतो, आणि त्याच वर्गात आम्ही हसलो. मुकी इंग्रजी कशी जन्मते, हे समजण्यासाठी चीनला जाण्याची गरज नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे आणखी एक गोष्ट आठवते. एके काळी परीक्षेचे दार आपल्याकडे होते आणि त्यापुढे चिनी विद्यार्थी उभा होता. ह्युएनत्संगाने लिहून ठेवले आहे की नालंदाच्या दारावर येणाऱ्याला कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जण परत फिरत. म्हणूनच इत्सिंग ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला तेव्हा थेट नालंदाला गेला नाही. वाटेत सुमात्रातील श्रीविजय येथे तो सहा महिने थांबला, तेथे त्याने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला आणि मागून येणाऱ्या भिक्खूंनाही तसाच सल्ला दिला. या यात्रिकांनी परकी भाषा शिकली ती तेथील ज्ञान मायदेशी नेऊन आपल्या भाषेत उतरवण्यासाठी. ह्युएनत्संग ६४५ मध्ये परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन, आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. आजही चिनी भाषेत दुसऱ्याच्या अनुभवातून शिकण्यास ‘सूत्रे आणावयास जाणे’ असाच शब्दप्रयोग आहे.

आपल्या समाजात या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना वाटते, इंग्रजीचा एवढा सोस म्हणजे मायबोलीशी द्रोह. त्यांनी ध्यानात घ्यावे, की १८५४ च्या ‘काव्यफुले’त सावित्रीमाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजीची वाट दाखवली होती, आणि गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आपली बाजू मांडली ती इंग्रजीत. दुसऱ्या काहींना वाटते, मुलगा कसाही करून परीक्षा पास झाला की झाले. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ ही पत्रे त्याच बाबासाहेबांनी मराठीत काढली. एका भाषेत त्यांनी जगाशी वाद घातला, दुसरीत आपल्या माणसांना जागे केले. यांपैकी एकही भाषा त्यांनी मिरवण्यासाठी वापरली नाही.

परीक्षेचे दार आजही सर्वांना सारखे नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. आयईएलटीएसचे शुल्क चीनमध्ये दोन हजार युआनहून अधिक आहे; आपल्याकडे ते पंधरा हजार रुपयांच्या वर जाते. एकदा अर्धा गुण कमी पडला की पुन्हा शुल्क. शांघायच्या मुलाला ते सोपे, कान्सूच्या मुलाला नाही. मोलमजुरी करणाऱ्या आईच्या मुलीला परदेश शिष्यवृत्ती मिळण्याची पात्रता असते, पण त्या आधीचे हे पंधरा हजार आणि शहरातील शिकवणीचे पैसे नसतात. अशा मुली आमच्या वर्गांत बसून गेल्या आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयापुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली : आठवीपासून आठवड्यातून एक तास मराठी आणि इंग्रजी वाक्ये शेजारी-शेजारी मांडून शिकवावीत आणि प्रत्येक मुलाने चुकांची वही ठेवावी. दुसरी : सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहाच्या ओट्यावर अर्धा तास इंग्रजीचा कट्टा भरावा. तेथे एकच नियम असावा, की कोणी कोणाला हसावयाचे नाही. आणि तो नियम शिक्षकांनाही लागू असावा. तिसरी : देशात आणि परदेशात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास दूरध्वनीवरून एका मुलाशी इंग्रजीत बोलावे, आणि परीक्षाशुल्कासाठी एक छोटा निधी उभारावा. त्यातून दरवर्षी दोन मुलांचे शुल्क भरले गेले, तरी आरंभ झाला असे आम्ही मानू.

ज्या सुत्तात सापाची उपमा आहे, त्याच सुत्तात तराफ्याचीही आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो. पलीकडे पोहोचल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरावयाचे नसते. इंग्रजीची परीक्षा हा असाच एक तराफा आहे. तो नीट बांधावा, त्याची लाज वाटू देऊ नये आणि त्याचा गर्वही करू नये. कान्सूचा तो विद्यार्थी आता आपल्या गावच्या मुलांना सुटीत इंग्रजी शिकवतो, असे आमच्या विद्यार्थ्याने जाताना सांगितले. आमचा विद्यार्थीही या उन्हाळ्यात आठ दिवस आपल्या वसतिगृहात येऊन राहणार आहे. ओट्यावरचा पहिला कट्टा त्याच्याच उपस्थितीत भरावा, अशी आमची इच्छा आहे. त्या दिवशी आम्हीही मुलांमध्ये बसू आणि आमच्या मोडक्या इंग्रजीत बोलू.

नमो बुद्धाय! जय भीम!